पांढऱ्या कापसात पांढरी मांजर

आमच्या गावात "मी मांजरीच्या पिल्लाईले घर शोधून देते" असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे पाहते, मग आईकडे पाहते, आणि मग आईलेच विचारते, "पोरीची तब्येत बरी हाय ना?"

त्याईचंही चूक नाही. मांजर ही काय आणून ठेवायची वस्तू आहे का? ती आपली आपली येते. आज ज्वारीच्या कोठीमागून डोकं काढते, उद्या चुलीपाशी बसते, परवा घर तिचं असते आणि आपण फक्त तिथं राहतो. शेजारची काकू तर तोंडावर म्हणाली, "बाप्पा! अथी पोरीले चांगलं घर भेटून नाही राह्यलं, अन् हे पोट्टी मांजरीले पाहून राह्यली!"

पण सांगते ना, नीट सांगते. मी यवतमाळले कॉलेजात होती तेव्हा तिथं आमचा एक ग्रुप जमला, फोनवरचाच. कोणाले नालीत, कोणाले शटरमागं पिल्लं सापडली की ग्रुपवर फोटो येते. मग आमच्यातला कोणीतरी त्याईले घरी नेते, खाऊ घालते, औषधपाणी करते, आणि चांगलं घर भेटलं की देऊन टाकते. याले फॉस्टर म्हणतात. कॉलेज संपलं, मी गावी आली, पण ग्रुप काही सुटला नाही. आईले मी हा शब्द लय प्रेमानं समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बाळंतपण एकीचं, जागरण आपलं, अन् लेकरू तिसरीचं."

"हो, तेच."

"अन् तुले काय भेटते याच्यात?"

"मजा येते."

"ऐकलं का?" आई बाबाईकडे वळली. "मजा येते म्हणे."

बाबा फोनवर कापसाचा भाव पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "येऊ दे ना मग."

तर असं सुरू झालं. मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर फोटो आला: बंद पडलेल्या एका हॉटेलच्या भट्टीत तीन पिल्लं, आई नाही. मी "मी घेते" असं टाईप करून मोकळी. माझं असंच आहे, बोटं आधी आणि डोकं मागून. मैत्रिणीनं तिघाईले आंब्याच्या टोपलीत घातलं, वरून ओढणी बांधली, आणि मी त्याईले घेऊन दिग्रसच्या एसटीत बसली. टोपली हलली तसा कंडक्टर थांबला.

"काय हाय याच्यात?"

"मांजरीचे पिल्लं."

त्यानं ओढणीची गाठ जराशी सैल केली, आत पाहिलं, आणि एकदम सरकारी आवाजात म्हणे, "लहान दिसतात. यांचं हाफ लागन." अख्खी एसटी हसली. मी खरंच पर्स उघडली तेव्हा तर अजून हसली.

ग्रुपचा एक नियम आहे: पिल्लाईचं नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की जीव लागते, आणि मग देताना रडारड. आईनं हा नियम पाळला. तिनं नाव नाही ठेवलं, तिनं नातेवाईक ठरवले. दोन पिवळे होते. त्यातला एक खाताना गुरगुरे, तो माझ्या आत्यावर गेला. दुसरा वाटीत तोंड घालून तसाच झोपून जाये, तो बाबाईवर गेला. तिसरी पांढरी, निळ्या डोळ्यांची. तिच्याबद्दल आई म्हणे, "हे कोणावर गेली समजतच नाही. किती हाका मारा, वळून पाहत नाही. एवढा तोरा तर आपल्या खानदानात कोणाले नाही."

तोरा नव्हता तो. एक दिवस बाबाईच्या हातून स्टीलची परात पडली. असा आवाज झाला की पिवळे दोघं खिडकीच्या पडद्यावर चढले, मी किंचाळली, समोरच्या घरातून "काय झालं वं?" आलं. पांढरी परातीच्या अगदी बाजूले बसून आपला पाय चाटत होती. चाटतच राह्यली. डॉक्टरले दाखवलं तर ते म्हणाले, पांढरा रंग आणि निळे डोळे असले की कधी कधी असं असते. जन्मापासूनच बहिरी.

पिवळे दोघं लवकर गेले. आत्या गेली किराणा दुकानात, बाबा गेले एका मास्तरच्या घरी. म्हणजे पिल्लं. तुम्हाले समजलं. आणि देताना आईनं जे प्रश्न विचारले ना, बाप रे! जी बाई "कायले आणता हे लफडं" म्हणत होती तीच खुर्चीत बसून त्या मास्तरले विचारून राह्यली, "घरात कुत्रं हाय का? दूध पाकिटाचं का घरचं? अन् लग्नाकार्यात बाहेरगावी गेले तर हे कोणाकडं राहीन?" मास्तर घामाघूम. जाताना मले हळूच म्हणाले, "आमच्या सोयरिकीत एवढे प्रश्न नव्हते झाले, ताई."

पण पांढरीले कोणी घेईना. फोटो पाहून दहा फोन येत, "बहिरी आहे" म्हटलं की फोन ठेवून देत. एक काका घरापर्यंत आले, तिले उचलून घेतलं, आणि मग म्हणाले, "नाही बा. बहिरी मांजर घेऊन काय करू? बोलावलं तर येणार नाही."

आई म्हणाली, "तुमच्या आधीची मांजर ऐकत होती ना?"

"हो."

"ते बोलावल्यावर ये का?"

काकानं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," म्हणाले. पण घेतली नाही ती नाहीच.

तुम्ही म्हणाल, मग ठेवून घ्यायची आपल्याच घरी. मलेही तेच वाटे. पण आमचं घर आहे पुसदच्या रस्त्याले लागून. एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं दारावरून जाते. एकदा ती अंगणातून निघून रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली. मागून एसटी आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला, वाजवून राह्यला, आणि ही उन्हात पोट वर करून लोळून राह्यली. बाबा पळत गेले आणि तिले उचलून आणलं. तेव्हाच ठरलं, हिले रस्त्यापासून आत, बंद दाराचं घर पाहिजे. ते भेटलं तर बरं, नाही भेटलं तर एक ना एक दिवस तो हॉर्न वाजणार आणि हिले समजणार नाही.

आणि मग एक दिवस फोन आला. फोनवर इतका खडखडाट की मी कानापासून दूर धरला.

"हॅलो! बहिरी मांजर तुमच्याकडंच हाय का?"

"हो, पण काकू, ती—"

"बहिरीच हाय ना पण नक्की? थोडंफार तर ऐकत नाही ना?"

असं आजवर कोणीच विचारलं नव्हतं! मी म्हटलं, "नाही काकू, अजिबात नाही."

"मग हेच पायजे मले," त्या ओरडल्या.

दिग्रसले त्याईची पिठाची गिरणी. आत, बोळात. उंदरांनी लोकाईच्या पोत्याले भोकं पाडून ठेवलेली, आणि एकही मांजर टिकत नव्हती. बटन दाबलं, खडखडाट सुरू झाला की मांजर गायब. शेवटचा बोका तर म्हणे पहिल्याच दिवशी खिडकीतून गेला तो आता कापड दुकानात राह्यते, आणि काकू दिसल्या की तोंड फिरवते.

आई लगेच गिरणी पाहायले गेली. मीही. आईनं सगळं पाहिलं, खिडकी पाहिली, दार पाहिलं, आणि मोटारचा फिरणारा पट्टा पाहून तिथंच थांबली.

"याले जाळी लावा. अन् दाराले जाळीचं दार. मग बोलू."

मले वाटलं संपलं. पण काकूनं दोन्ही केलं. फोटो पाठवला. फक्त एक म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या. उंदरानं पार हैदोस घातला. शुक्रवारी नाही आली तर शनिवारी मी उंदराचं औषध टाकते, मग अथी मांजर ठेवता नाही येणार." औषध खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला की मांजर गेली, हे तर मलेच माहीत होतं. म्हणजे शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

आता इथं कापसाचं सांगावं लागते. आमच्याकडे कापूस वेचून झाला की लगेच विकत नाही, भाव येईपर्यंत घरात भरून ठेवतात. आमच्या बैठकीच्या खोलीत दिवाळीपासून छतापर्यंत ढीग होता. टीव्ही अर्धा दिसे. बातम्या सांगणारीचं फक्त डोकं. पाहुणे आले की कापसावरच बसत आणि मग घरी जाऊन दोन दिवस अंग खाजवत. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी भाव पाहत, "हं" म्हणत, आणि फोन उलटा ठेवत. आणि पांढरीची सगळ्यात लाडकी जागा कोणती? तोच ढीग. थंडीत त्याच्यासारखं गरम काही नाही. भोक पाडून आत घुसे, आणि मग शोधा! पांढऱ्यात पांढरी. हाक मारून उपयोग नाही. मी रोज गुलाबी नाक शोधत बसे.

शुक्रवारी सकाळी बाबाईनं फोन पाहिला आणि "हं" नाही म्हटलं. उभेच राहिले. "वाढला," म्हणाले. पाच महिन्यात मी त्याईले इतक्या पटकन चप्पल घालताना पाहिलं नव्हतं. लगेच मेटाडोरवाल्याले फोन, कापूस भरायले बाया आल्या, चादरीत गाठोडी बांधून कापूस गाडीत, गाडीत एक जण पायानं दाबून राह्यला. मी पांढरीले आधीच स्वयंपाकखोलीत डालग्याखाली ठेवली होती, म्हणजे कोंबड्या झाकायची ती मोठी टोपली, आणि वर दगड. मग मी गेली आंघोळीले, केस धुवायले. निघाली तेव्हा मेटाडोर गेलेली, बाबा कापसावर बसून गेलेले, खोली रिकामी, टीव्ही पूर्ण दिसून राह्यला. आई ओट्यावर चहा पिऊन राह्यली.

मी डालगं उचललं. आत कोणी नाही.

"आई! पांढरी?"

आईचा कप तसाच राह्यला. "मी... जरासं दूध दिलं होतं तिले. जाणार आहे ना आज. म्हटलं शेवटचं आपल्या हातचं."

"अन् मग?"

"मग डालगं झाकलं ना नीट. दगडही ठेवला."

"मांजर ठेवली का आत?"

आईनं आठवलं. तिच्या तोंडावर मले दिसलं की दगड आठवून राह्यला, डालगं आठवून राह्यलं, मांजर नाही आठवत. मग आम्ही दोघीईनं एकदमच त्या रिकाम्या खोलीकडं पाहिलं.

बाबाईले फोन लावला. तो वाजला. आमच्याच खोलीत, चार्जरवर.

स्कूटी काढली. आई मागं, हातात काहीतरी पदरात गुंडाळलेलं. रस्ताभर आई बोलून राह्यली. "पायानं दाबला वं त्यानं कापूस. तिच्यावर तर नसन पडला पाय? नाही ना? तू बोल ना काही. हळू चालव. अगं जोरात चालव." मले पुढचं सगळं माहीत होतं, मी स्कूटी अजून जोरात घेतली. बाजारात लिलाव होते, मग गाडी थेट जिनिंगले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जाते, तिथं कापूस ओततात आणि मोठ्या पाईपनं ओढून मशीनमध्ये घेतात. ऐकू येणारी मांजर गाडी थांबली, माणसं ओरडली की पळून तरी जाईन. आमची तर झोपूनच असणार.

दिग्रसच्या बाजार समितीत गाड्याच गाड्या. भाव वाढलेला, सगळं जग कापूस घेऊन आलेलं. मेटाडोर, ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि प्रत्येकावर पांढरा ढीग. शेवटी आमची दिसली. बाबा वर मांडी घालून बसलेले, राजासारखे. आम्हाले पाहून त्याईले वाटलं डबा आणला.

"बाबा, कापसात पांढरी आहे!"

"पांढराच हाय ना कापूस."

"मांजर, बाबा!"

बाबाईनं मांडी सोडली. हळूच, म्हणजे अंड्यावर बसल्यासारखे, एका बाजूले सरकले. मग इकडंतिकडं पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "बोंबलू नको. जिनिंगवाले शेठ बोली लावत येऊन राह्यले, दोन गाड्या सोडून आहेत. मांजर निघाली समजलं तर म्हणतीन कापूस घाण झाला, अन् भावात काट लावतीन. अन् ते... गुदमरन का वं ती?"

"कापसातून हवा जाते," मी म्हटलं. खरं तर मले काहीच माहीत नव्हतं.

मग आम्ही वर चढलो. मी एका बाजूनं कोपरापर्यंत हात घालून चाचपून राह्यली, बाबा दुसऱ्या बाजूनं, आणि दोघंही चेहऱ्यानं असं दाखवून राह्यलो की आम्ही कापसाची गुणवत्ता तपासतो. हाक मारता येत नाही. मारली तरी उपयोग नाही. आईनं मग पदर सोडला. आत सुकट! वासावर येईन म्हणून घरून मूठभर आणलेली. ती कापसावरून हात फिरवून राह्यली, इकडं एक गोल, तिकडं एक गोल.

बाजूच्या ट्रॅक्टरवरचे काका कधीचे पाहत होते. "काकू, कापसाले सुकट काहून चारून राह्यल्या?"

मी आणि बाबा थिजलो. आई मात्र थांबली नाही.

"नजर काढून राह्यली," आई म्हणाली.

बाबाईचे डोळे मोठे झाले. आमच्या घरी आजोबाच्या काळापासून, दीक्षा घेतल्यापासून, नजर काढणं, लिंबू-मिरची, काही म्हणजे काही नाही. बाबा तर कोणी बाहुली बांधली दिसली तरी थांबून समजावून सांगतात. ते दात आवळून कुजबुजले, "आपल्यात कधीपासून नजर काढतात वं? उद्या विहारात कोणी विचारलं तर?"

"तेव्हा सांगा मांजर होती म्हणून. आता गप बसा."

"सुकटीची नजर नव्हती ऐकली," ट्रॅक्टरवाले काका विचारात पडले. मग म्हणाले, "पण एवढा कापूस आला बाजारात, लागत असन बाप्पा नजर. आमच्याही ट्रॅक्टरची काढून द्या ना, काकू."

आता नाही कसं म्हणणार? आई खाली उतरली, त्यांच्या ट्रॅक्टरभोवती सुकट फिरवली, तोंडानं काहीतरी पुटपुटली. मी नंतर विचारलं काय म्हणत होती, तर म्हणे किराण्याची यादी. तेवढ्यात शेठ त्या ट्रॅक्टरपाशी आले आणि बोली एकदम चांगली गेली. काका खूश! त्यांनी आईले लांबूनच हात जोडले. त्याबरोबर मागच्या बैलगाडीवाल्यानं आवाज दिला, "मावशी, अथीही या जरा!" बाबाईनं दोन्ही हातानं तोंड झाकून घेतलं.

आणि शेठ आमच्या गाडीपाशी आले. पांढरा सदरा, खिशाले पेन, मागं समितीचा माणूस आणि चार-पाच व्यापारी. वरचा कापूस कोणी पाहत नाही, वर तर सगळेच चांगला ठेवतात. शेठ चाकावर पाय देऊन चढले, बाही वर केली, आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

मी डोळे मिटले.

"ओ बाप रे! साप! साप हाय आत!"

शेठनं अशी उडी मारली की पेन एकीकडं, चप्पल एकीकडं. "साप, साप" करत व्यापारी पळाले, समितीचा माणूस बैलगाडीच्या खाली, बैलगाडीचे बैल उधळले, आणि त्या गोंधळात मी शेठच्या हातानं पडलेल्या भोकात माझा हात घातला. गरम लागलं. मऊ. धडधडणारं. मी ओढलं, आणि बाहेर आली आमची पांढरी, डोक्यावर कापसाचा फेटा, मिशीले सरकीचा तुकडा. एवढा गोंधळ, पण तिले काय? तिनं भलीमोठी जांभई दिली, सगळ्या बाजाराकडे एकदा पाहिलं, आणि आईच्या पदराचा वास घेऊ लागली. आई रडून राह्यली होती आणि त्याच हातानं तिले सुकट भरवून राह्यली होती.

लोकं हळूहळू परत आले. शेठ आपलं बोट पाहत होते. "चावली मले."

मागून एक व्यापारी म्हणाला, "शेठ, आजवर तुमी शेतकऱ्याईले चावले. आज कापूस तुमाले चावला."

मग जे हसू फुटलं! शेठही हसले, बळंच पहिल्यांदा, मग खरंच. "अजून काय काय भरलं भाऊ याच्यात? म्हैस तर नाही ना?" मग लगेच व्यापारी झाले. "पण मांजर होती म्हणजे ओलावा असन. काट लागन."

आणि आमचे बाबा, जे समितीत कधी मोठ्या आवाजात बोलत नाही, ते मेटाडोरवर उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, ओल्या कापसात मांजर झोपते का?"

"हो ना बा," ट्रॅक्टरवाले काका म्हणाले. "ओलं तर मांजर पायानंही शिवत नाही."

"मशीननं मोजा, नाहीतर हिले विचारा," बाबा म्हणाले.

शेठनं मूठभर कापूस काढला, दाबला, सोडला. कोरडा ठणठणीत. काटाची गोष्ट तिथंच संपली. पण शेठची नजर आता कापसावर नव्हती, पांढरीवर होती. "एक काम करा," ते म्हणाले. "हे मांजर माझ्या जिनिंगले द्या. उंदरानं वायरी कुरतडून टाकल्या. दिली तर भाव चढवून देतो. सगळ्याईसमोर बोलतो."

हसणं थांबलं. ते थट्टा नव्हते करत. मी बाबाईकडे पाहिलं. दिवाळीपासून रोज सकाळी फोन उलटा ठेवणारा माणूस. मले वाटलं, देऊन टाका बाबा, मी काही म्हणणार नाही. आणि वाटलं, देऊ नका. एरवी माझी बोटं डोक्याच्या आधी चालतात, तेव्हा तीही चालेना.

बाबाईनं पांढरीच्या मिशीवरची सरकी काढली. "नाही जमणार शेठ," म्हणाले. "तिचं ठरलं आहे."

"कुठं?"

"अथीच. पिठाच्या गिरणीत."

"गिरणी! अन् माझी एवढी मोठी जिनिंग काय वाईट हाय?"

"मोठी हाय म्हणूनच," आई मधात पडली. नाक पुसलं आणि तिचा तो खुर्चीतला आवाज आला. "दिवसभर ट्रक मागंपुढं होतात तुमच्याकडं. हे बहिरी हाय, हिले हॉर्न ऐकू येत नाही. अन् जाळी लावली का तुमी?"

"कायची जाळी?"

"पाहा," आई म्हणाली. "त्या बाईनं लावली."

शेठनं दोन्ही हात वर केले. भाव जो बाकीच्याईले भेटला तोच आम्हाले भेटला. गाडी जिनिंगकडे गेली, बाबा तिच्यासोबत, आणि आम्ही तिघी स्कूटीवर गिरणीत.

गिरणीवाल्या काकूनं गिऱ्हाईक थांबवलं, जाळीचं दार लावलं, आणि पांढरीले खाली ठेवलं. "टाकू का बटन?" म्हणाल्या. आईनं माझा हात धरला. काकूनं बटन दाबलं.

पांढरी ताठ झाली. शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी. ऐकू येत नाही, पण जमीन तर हालते ना! हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काकूचं तोंड उतरलं. आई पुढं होणार, तेवढ्यात पांढरीनं गिरणीच्या लाकडी चौकटीले एक पंजा लावला. काढला. परत लावला. मग दुसरा. मग हळूच अंगच टेकवलं त्या थरथरत्या लाकडाले, आणि डोळे मिटले. काकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खडखडाटात ओरडल्या, "गुरगुरून राह्यली!" आवाज कोणालेच ऐकू येत नव्हता. हातालेच समजत होतं. मग आम्ही एकेक करून हात ठेवून पाहिला, थांबलेल्या गिऱ्हाइकानंही.

घरी येताना आई म्हणाली, बरं झालं, सुटलं लफडं एकदाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ज्वारी घेऊन दिग्रसले निघाली. आमच्या गावात गिरणी आहे, घरापासून चार पावलांवर. तिसऱ्या दिवशी गहू. मग तांदूळ. मग हळद. आता आमच्या घरी पिठाचे डबे ठेवायले जागा नाही. रोज भाकरी, रोज धिरडी, आणि काल संध्याकाळी थालीपीठ. काल रात्री आई कोठीत डोकावून पाहत होती, दळायचं काही उरलं का म्हणून. बाबा उठले, चण्याची डाळ काढली, डब्यात भरली आणि तिच्यासमोर ठेवली.

"बारीक दळायले सांगजो," म्हणाले. "बारीक दळायले वेळ लागते."